टिटवीसाठी छत्री

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेतानासुद्धा बाई तिला भिंगरीच म्हणत. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात. इथे भिंगरीलाच पाय फुटले होते. बस म्हटलं की ती बसायची, नाही असं नाही, पण बसल्या जागी काहीतरी चालूच असायचं. गुडघा हलायचा, वेणीचं टोक तोंडात जायचं, पेन्सिल बाकाच्या फटीत शिरून अडकून बसायची.

आज तर तिला बसवतच नव्हतं. चौथीच्या वर्गाची मागची खिडकी तिच्या बाकाला लागून होती. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, टाकीपलीकडे पसरलेली खडी दिसत होती आणि खडीवर उघडून ठेवलेली एक मोठी काळी छत्री दिसत होती. छत्रीखाली टिटवीची अंडी होती. टिटवी मात्र लांब कुंपणाच्या खांबावर उभी होती आणि प्रार्थना संपल्यापासून तिने एकदाही तोंड मिटलं नव्हतं.

अंडी सापडली होती भिंगरीलाच. शाळेची नवी खोली बांधून झाल्यावर उरलेली खडी टाकीमागे तशीच पडून होती. तिकडे कोणी फिरकत नसे. काल चेंडू तिथे गेला आणि चेंडूमागे भिंगरी गेली, तेव्हा टिटवी ओरडत थेट तिच्या डोक्यावरून गेली. दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. ही खाली बसली, आणि बसली म्हणून तिला दिसलं की समोरच्या खडीतले चार दगड जरा जास्तच गोल आहेत.

मग बाईंनी सगळ्या वर्गाला हळूहळू तिथे नेलं. बाईंचे केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण पाखरू म्हटलं की त्या मुलांच्या आधी पोचत. टाकीच्या अलीकडे विटांचा ढीग होता. त्याच्याआड सगळ्यांना बसवून बाई म्हणाल्या, "इथून पुढे एक पाऊलही नाही. आता सांगा, हिच्या घरट्याला भिंत नाही, छप्पर नाही, खडीत नुसता खळगा आहे. मग अंडी वाचतात कशी?"

"टिटवी ओरडते म्हणून," पंडित म्हणाला. या मुलाला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं यायची, म्हणून तो पंडित.

"ते झालंच. पण त्याआधी?"

भिंगरी म्हणाली, "ती दिसतच नाहीत. मला पण आधी दगडच वाटले."

"शाबास. न दिसणं हेच त्यांचं घर."

"बाई," पंडितने विचारलं, "टिटवी पाय वर करून झोपते ना? आभाळ कोसळलं तर झेलायला? माझी आजी सांगते."

"तू पाहिलंस कधी?"

"नाही."

"मग आधी बघ आणि आम्हालाही सांग. पण विटांच्या अलीकडून."

सगळे हसले आणि ते 'न दिसणं' तिथेच विटांपाशी राहून गेलं. कारण त्याच संध्याकाळी 'अंडीरक्षक दल' स्थापन झालं. भिंगरी अध्यक्ष, पंडित सचिव आणि भांडणं नकोत म्हणून बाकीचे सगळे उपाध्यक्ष. आज सकाळी बाई मुख्य कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या, मधल्या सुट्टीपर्यंत येणार होत्या. दल मात्र घंटेच्या आधीच हजर झालं.

"ऊन किती लागेल बिचाऱ्यांना," एक उपाध्यक्ष म्हणाली.

"तुझी छत्री दे," भिंगरीने पंडितला हुकूम सोडला.

"माझी नाहीये. बाबांची आहे."

"अंडी बाबांपेक्षा लहान आहेत. दे."

छत्री आली. मग कोणाचा पाय पडू नये म्हणून भोवती मोठाल्या दगडांचं कडं झालं. एकाने थाळीत पाणी आणलं, एकीने डब्यातल्या पोळीचा चुरा पसरला. भिंगरीने चार काठ्या रोवल्या आणि आपल्या दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी सोडून, फाडून, चारही काठ्यांना बांधल्या. सगळ्यांना लांबूनच कळायला हवं ना, इथे अंडी आहेत म्हणून. तोवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. "थँक्यू म्हणतेय," पंडित म्हणाला.

त्या वेळी ते सगळ्यांना पटलं होतं.

आता वर्गावर शेजारचे सर होते. म्हणजे ते मधल्या दारात उभे राहून एका कानाने तिसरी आणि दुसऱ्या कानाने चौथी सांभाळत होते. फळ्यावर भागाकार होता. भिंगरीच्या वहीत भागाकाराची फक्त रेघ होती.

"का येत नाहीये ती?" तिने वळून पंडितला विचारलं.

"येईल. सवय व्हायला वेळ लागतो."

"किती?"

"पुस्तकात दिलेलं नाहीये."

टिटवी खांबावरून उडाली. भिंगरी अर्धी उठली. टिटवी खडीच्या कडेला उतरली, लांब पिवळ्या पायांनी चार पावलं पळाली, थांबली. वाऱ्याने छत्रीचं कापड फडफडलं. टिटवी पुन्हा उडून खांबावर गेली.

"सर!" ती उभीच राहिली. "टिटवी अंड्यांवर बसत नाहीये."

"तूही बाकावर बसत नाहीयेस. बूड टेक."

तिने बूड टेकलं. पण मन खिडकीबाहेरच. ऊन पांढरं होत चाललं होतं. टाकीची सावली सकाळी खडीपर्यंत पोचत होती, ती आखडत आखडत टाकीच्या पायाशी आली. बाई काल म्हणाल्या होत्या, उन्हाच्या वेळी टिटवी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहते. कुठे होती ती? खांबावर. ओरडून ओरडून तिचा आवाज फाटल्यासारखा झाला होता, की भिंगरीच्याच कानात तो तसा झाला होता, कोण जाणे.

मग वाऱ्याचा एक झोत आला आणि छत्री उचलली गेली. दोन कोलांट्या घेऊन ती दगडांच्या कड्याला अडकली. आता छत्रीची सावलीही नाही आणि टिटवीचीही नाही.

"माझ्या बाबांची छत्री!" पंडित कुजबुजला.

"गप रे! अंडी बघ अंडी!"

आणि त्याच वेळी कावळा आला. तो आधी टाकीवर बसला. मान तिरकी करून त्याने खाली पाहिलं. तिथून उडाला तो सरळ एका काठीवर, लाल रिबिनीच्या गाठीवर येऊन बसला. सांगितल्यासारखा. कोणीतरी हात करून बोलावल्यासारखा.

भिंगरीचा गुडघा हलायचा थांबला. चार काठ्या, चार रिबिनी. सगळ्यांना लांबूनच कळावं म्हणून. सगळ्यांना म्हणजे कावळ्यालाही.

"सर, बाथरूमला जाऊ?"

"आत्ताच जाऊन आलीस ना?"

"तेव्हा नुसतीच गेले होते."

वर्ग हसला, सरांनी कपाळाला हात लावला, आणि तो हात खाली येईपर्यंत भिंगरी दाराबाहेर होती.

ती धावत पोचली तेव्हा कावळा उडत होता आणि त्याच्या चोचीत काहीतरी होतं. टिटवी त्याच्या मागे लागली, परत फिरली, भिंगरीच्या डोक्यावर झेपावली. भिंगरीने एका हाताने डोकं झाकलं आणि दुसऱ्या हाताने काठ्या उपटल्या. दगड ढकलले, पाण्याची थाळी दूर सरकवली. छत्री मिटत नव्हती, तिची एक काडी वाकली होती, तशीच ओढून बाजूला केली. पोळीचा चुरा मात्र उचलता येईना, तो खडीत मिसळून गेला होता. मग तिने खळग्याकडे पाहिलं.

एक, दोन, तीन.

पुन्हा मोजलं तरी तीनच. तिने बोट पुढे केलं, हात लावायचा नाही हे आठवून मागे घेतलं. बाजूचा दगड मात्र चाचपला. तो तापला होता.

कावळा परत टाकीवर येऊन बसला. भिंगरीने खडा उचलून भिरकावला. तो उडाला, कुंपणावर बसला. तिने तिकडे खडा मारला, तो टाकीवर आला. ती अंड्यांच्या एका बाजूला उभी राही, मग धावत दुसऱ्या बाजूला जाई. वर टिटवी ओरडत होती. भिंगरीही ओरडत होती. "ये ना गं! सगळं काढलं मी! ये ना!"

"ती कशी येईल?" मागून आवाज आला. "आधी तू तिकडून ये."

विटांच्या ढिगापाशी बाई उभ्या होत्या. खांद्यावर पिशवी तशीच. बैठकीहून आल्या त्या ओरडणं ऐकून थेट इकडेच.

"बाई, कावळ्याने एक नेलं. मी हलले तर बाकीची पण नेईल."

"तू हलली नाहीस तर ती येणार नाही आणि तिन्ही भाजून जातील."

"आणि मी हलले आणि आधी कावळाच आला तर?"

"येईलही," बाई म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही. पण टिटवीला जमतं ते तुला-मला जमत नाही. ये."

भिंगरी आली. येताना तिने रिबिनीचे चारही तुकडे मुठीत घेतले, काठ्या आणि छत्री ओढत आणली. बाईंनी विटांमागे बैठक मारली, गुडघे करकरले. भिंगरी त्यांच्या शेजारी बसली.

"आता?"

"आता काही नाही."

काही न करणं इतकं अवघड असतं हे भिंगरीला माहीत नव्हतं. पायावर मुंगी चढली. मानेवर घाम उतरला. कावळा टाकीवर एक पाऊल सरकला तर तिचा हात आपोआप खड्याकडे गेला. बाईंनी तो धरून ठेवला.

टिटवीने आधी कावळ्याला हाणलं. अशी चवताळून गेली त्याच्यावर की तो कुंपण ओलांडून पार पलीकडे गेला. मग ती उतरली, पण अंड्यांपाशी नाही. भलतीकडेच खडीत जाऊन बसली.

"बाई! चुकली ती!"

"हळू. चुकली नाही. कोणी बघत असेल तर फसावं म्हणून खोटंखोटं बसते."

टिटवी उठली, पळाली, आणखी एके ठिकाणी खोटंखोटं बसली. टाकीच्या गळक्या नळाखाली डबकं होतं. तिथे जाऊन तिने पोट पाण्यात दाबलं, पिसं फुलवली. मग पळत, थांबत, पळत, मान उंचावत ती जवळ आली. खळग्याशी येऊन खाली पाहिलं. किती वेळ पाहत होती! मग टिटवी अंड्यांवर उभी राहिली आणि ओलं पोट हळूहळू खाली आणलं.

आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.

आता दोन्ही वर्ग धावत टाकीकडे येणार होते. अंडीरक्षक दल तर सर्वांत पुढे. बाई उठायला लागल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही. भिंगरी तोपर्यंत निघाली होती. धावली नाही. वाकून, शाळेच्या भिंतीला चिकटून, एकेक पाऊल टाकत ती कोपऱ्यापर्यंत गेली, आणि पंडित, त्याच्यामागे सगळे उपाध्यक्ष आरडाओरडा करत कोपऱ्यावर आले तेव्हा वाटेत मधोमध एक हात पसरून ती मातीत बसली होती. रिबिनी नसल्यामुळे दोन्ही वेण्या सुटल्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर होतं.

भिंगरी गप्प आहे हे पाहूनच सगळे थबकले. पुढचे बसले, म्हणून मागचे बसले.

"चारही आहेत ना?" पंडितने तिच्या कानाशी विचारलं.

भिंगरीने तीन बोटं दाखवली. छत्रीचं पंडितने विचारलंच नाही.

तेवढ्यात मागून शेजारचे सर आले. "काय चाललंय हे? कुठे गेली ती बाथरू..."

भिंगरीने मान वळवली. "सर," ती अगदी हळू म्हणाली, "बूड टेका."

सरांनी विटांकडे पाहिलं. बाई टिटवीकडे बघत होत्या, सरांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सरांनी पँट गुडघ्यांपाशी जरा वर ओढली आणि ते मुलांच्या शेवटच्या रांगेत खाली बसले.

पलीकडे टिटवीने मान उंच केली. ती उठणार असं वाटलं. भिंगरीचा गुडघा हलायला लागला, तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. टिटवीने इकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, कावळा परत येऊन बसला होता तिकडेही पाहिलं, आणि पंख जरासे पसरून ती अंड्यांवर नीट बसली.