दौलतच्या पिशवीतली रताळी

चंपाने रताळ्याच्या वेलाचा वीतभर तुकडा उचलला, खालच्या दोन पेरांवरची पाने खुडली आणि पेरे ओल्या मातीत दाबली.

"शेंडा वर राहू दे गो," तिची सासू गंगुबाई म्हणाली.

म्हातारी भिंतीला टेकून विळीवर वेल कापत होती. चाळीच्या मागे, नळाचे सांडपाणी वाहून जाई तिथे दोन खाटांएवढी माती होती. तीच तिची बाग. कापता कापता ती आपल्याशीच गुणगुणत होती,

"वेल कापिला विळीनं, वेल बोलंना काही,
नव्या मातीला विचारी, पानी देशील का बाई..."

बियाणे चंपाच्या नवऱ्याच्या, दौलतच्या पिशवीतले. पावणेदोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, तो रताळी आणायला बाजारात गेला आणि मोर्च्यावरच्या गोळीबारात सापडला. पिशवी तेवढी घरी आली. ती रताळी कुणाच्याने शिजवून खाववेनात. म्हातारीने ती वाळूच्या डब्यात पुरली, त्यांना कोंब फुटले, कोंबांचे वेल झाले. चळवळीच्या भाषणांत मात्र दौलत छाती उघडी करून पुढे झाला होता. रताळ्यांचे नाव कुणी काढत नसे. चंपाही नाही.

बोळातून धोतराचा सोगा सावरीत नाना आले. चाळीतले चळवळीच्या समितीचे काम तेच पाहत.

"वहिनी, जानेवारीत हुतात्म्यांसाठी मोठी सभा आहे. यंदा नुसतं बसायचं नाही, दोन शब्द बोलायचे. पांढरं पातळ नेसून या."

"मी काय बोलू?"

"ते मी लिहून देतो. तुमच्याकडे बघून लोकांना बळ येतं."

"लिव्हताच हायसा तर रताळी बी लिव्हा," गंगुबाई म्हणाली. "रताळी आणाय गेलता माझा पोर."

नाना खाकरले. "आजी, सभेत रताळी कशी सांगायची?"

चंपाला हसू आले. तिने ते ओठात दाबले. मागे एकदा ती नळावर खळखळून हसली होती, तेव्हा सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या. हंडा भरेपर्यंत पाण्याचाच काय तो आवाज.

त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागत असे, दुसरे लग्न होत असे. वरच्या मजल्यावरच्या कमलचा नवरा क्षयाने गेला. वर्षाच्या आत तिचा पाट लागला आणि चाळीने लाडू खाल्ले. दौलत तापाने गेला असता, तर...

"अगो, शेंडा पुरलास की!"

चंपाने दचकून वेल मातीतून ओढून काढला.

परवा रेशनच्या रांगेत, पलीकडच्या चाळीतला राजाराम फिटर तिच्याकडे न बघता म्हणाला होता, "अंबरनाथला काम लागलंय. शनिवारी दुपारी निघतो. आलीस तर तिथं पाट लावू. नाय आलीस तर मी समजून घेईन." तिने हे कुणाला सांगितले नव्हते. आज गुरुवार होता.

"मग नाव घालू ना, वहिनी?" नानांनी खिशातून पेन्सिल काढली.

चंपाच्या नखांत माती होती. ती नखाने नखातली माती काढत राहिली. नाही म्हणावे तर कशासाठी नाही म्हणावे? आणि हो म्हटले, की पुढच्या जानेवारीत, त्याच्या पुढच्या जानेवारीत...

"घाला," गंगुबाईच म्हणाली. "आमच्या घरचं माणूस येईल."

नाना समाधानाने गेले. बोळात त्यांच्या वहाणा वाजत लांब गेल्या. चंपाला वाटले, बाहेरून कुणी कडी लावली. तिने पुढच्या वेलाकडे हात केला.

गंगुबाईने तो हात बाजूला सारला. उरलेले वेल गोळा करून तिने नळाखाली धरले, पदराआडून जुने फडके काढले, भिजवले आणि त्यात ते बाळंत्यातल्या पोरासारखे गुंडाळले.

"ही नको लावूस."

"का? जागा आहे की अजून."

"इथली माती दमली." तिने गाठ मारली आणि गाठोडे चंपाच्या मांडीवर ठेवले. "ओलं ठेव. शनिवारपतुर सुकत नाय."

चंपाने वर पाहिले. म्हातारी विळी धुण्यात गुंतली होती. पात्यावरचा चीक जाता जात नव्हता.

"आत्याबाई..."

"भुईवर लोळू देऊ नकोस वेल. उचलीत राहायचं. टेकला तिथं मुळं सोडतो, मग खाली काय धरत नाय." विळी मिटून ती गुडघ्यांवर हात देत उठली. दाराशी जाऊन थांबली.

"आनि ते पांढरं पातळ तेवढं ट्रंकेतच ऱ्हाऊ दे. जानेवारीत मला लागंल."