पाणकणसांच्या आड

पाणकोंबडीच्या पाठीवरून तिनं हिरव्या रंगाची एक उभी रेघ ओढली. मग दुसरी. घरटं झाकलं, चोच झाकली. लाल कपाळ तेवढं उरलं.

धाकटा भाऊ चित्र प्रदर्शनाला न्यायला आला होता. दारातूनच म्हणाला, "अगं ताई, लोक पक्षी बघायला येणार की गवत?"

तिनं ब्रश धुतला, पुन्हा रंगात बुडवला.

चित्रात आता: दाट पाणकणसं, मागे कुठंतरी पक्षी.

तळ्यावर, विणीच्या दिवसांत: पुढची पाणकणसं घरट्याच्या आड येत होती. होडी धरून बसलेल्या भावाकडून तिनं कोयता मागून घेतला. थोडीच कापली. नाही, थोडी नाही. खिडकी उघडावी एवढी. उजेड थेट अंड्यांवर पडला आणि तिनं मनासारखी रेखाटनं केली. दुसऱ्या दिवशी रंग ताडून पाहायला गेली तर घरट्यात नुसती कवचं. कावळे अजून तिथंच होते.

परतताना भाऊ म्हणाला होता, निसर्गच तो, चालायचंच. ती पाण्यातल्या वल्ह्याकडे पाहत राहिली होती.

प्रदर्शनात तेच चित्र गाजलं. संयोजकबाईंनी माईकवरून सांगितलं, की पक्ष्याला धक्का न लावता कसं पाहावं ते या चित्राकडून शिकावं. टाळ्या झाल्या. मग तिच्या हातात माईक आला आणि कुणीतरी विचारलं, किती लांबून पाहिलंत?

तिनं तोंड उघडायच्या आत भाऊ बोलला.

"लांबून हो. दुर्बिणीतून. आमची ताई पाखराच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही."

लोकांना ते आवडलं. तिचे कान तापले. भाऊ तिच्याकडे बघत नव्हता.

पुढच्या रविवारी आम्हा सगळ्यांना त्या तळ्यावर न्याच, असा संयोजकबाईंनी आग्रह धरला. भराभर हात वर झाले.

"तिथं आता काही नाही," ती म्हणाली.

"का? उडून गेले?"

"अंडी उडत नाहीत."

मागच्या रांगेत दोघं-तिघं मोठ्यानं हसली. भावानं मान खाली घातली. संयोजकबाईंनी माईक परत घ्यायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही. हसणं थांबायची वाट पाहत उभी राहिली.