दुपारचं ऊन कोण पळवतं?

हातखंब्याजवळच्या कातळाच्या सड्यावर श्रीपतीचा सौरपंप रोज बारा वाजता मान टाकायचा, तो तीनला उठायचा. ऊन तर असं, की कावळे एकमेकांच्या सावलीत बसायला रांग लावायचे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

नव्या धोरणात सौरपंप मिळाला, पण विजेची जुनी जोडणी सोडावी लागली. चाळीस कोवळी हापूसची कलमं आता या एका पंपाच्या जिवावर. सात दिवसांत त्यांची पानं पापडासारखी वाजायला लागली.

श्रीपतीने आधी सरकारवर संशय घेतला, मग कंपनीवर, मग शेजारच्या केरूवर. कारण केरू हल्ली फार हसायचा.

"माझ्या उन्हावर आकडा टाकतोस काय रे?" त्याने दगडी गडग्यावरून विचारलं.

"टाकतो ना. डब्यात भरून मुंबईच्या पोराला पाठवतो."

श्रीपतीने कंपनीकडे केरूच्या नावाने तक्रार ठोकली. दुसऱ्या दिवशी चाळीस वर्षांची दुपारची झोप मोडून तो फणसावर चढून बसला.

बाराला टोपली घेऊन कुसुम आली. त्याची बायको. तिने पंपाच्या सौर पॅनेलच्या काचा पदराने पुसल्या आणि त्यांवर कोकमाची सोलं पसरली. रसात भिजलेली, घसरलीसुद्धा नाहीत.

"काय करतेस गो?" फणसातून आवाज आला.

"सोलं वाळवतेय. कातळावर चार दिवस लागतात, हितं दोन. तुमी उठायच्या आत काढते."

"आणि पंप?"

"पंप तिकडं विहिरीवर. मी त्याला हात पण लावला नाय."

दोघांनी मिळून सोलं काढली. पंप खाकरला, पाणी कलमांकडे धावलं. तेवढ्यात स्कूटीवरून संस्कृती नावाची कंपनीची पोरगी आली, तक्रार तपासायला. केरू गडग्यावर येऊन बसला.

"काका, काय सापडलं?" संस्कृतीने विचारलं.

खरं सांगितलं तर ही पंप उचलून नेईल, श्रीपतीला वाटलं.

"केरूचा दोष नाय. ढग आला होता."

"सात दिवस? रोज बारा ते तीन?"

"आमच्या सड्यावरचा ढग वेळेचा पक्का आहे."

संस्कृतीने काचेवर बोट फिरवलं. लाल झालेलं बोट बघितलं, कुसुमची टोपली बघितली आणि कागदावर लिहिलं, ढग.

"उद्यापासून येऊ देऊ नका त्याला," म्हणाली आणि गेली.

श्रीपती कलमांच्या आळ्यांत पाणी वळवत राहिला. एवढं निमूट लिहून घेतलं, म्हणजे या पोरीच्या मनात नक्की काहीतरी आहे.