अडतीस कोरी पानं

दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे मी. आता पिवळी पडले. माझ्यात एका नर्सताईने आयुष्यातली पहिली कथा लिहिली. मुलगा कायमचा परगावी जातो आणि त्याला बसमध्ये बसवून आई एकटी घरी परतते, अशी ती कथा.

मित्रांनो, कोणी किती वाचलं ते वहीला बरोबर कळतं. दवाखान्यात फाटक्या चादरी शिवणाऱ्या मावशींनी मला दोनदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मग त्या म्हणाल्या, "ताई, शेवटी ती आई हंबरडा फोडते ना, ते काही पटलं नाही. एवढी घट्ट बाई. ती उठून त्याच्या अंथरुणाची घडी घालेल."

ताईला ते झोंबलं. "मावशी, तुम्ही आपल्या चादरी शिवा," म्हणाली ती, आणि मला ओढूनच घेतलं.

मग मी तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडे गेले. ते कॉलेजात साहित्य शिकवायचे. तीन आठवडे मी त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होते. त्यांनी माझी दोन पानं उलटली, फक्त दोन. "छान आहे," ते म्हणाले, "पण भाषा साधी वाटते. जरा सजवा."

ताई हरखून गेली. महिनाभर तिने मला खोडलं, चिकटवलं, सजवलं. आईचं चार ओळींचं रडणं दोन पानांचं झालं. मग तिने कथा एका मासिकाला पाठवली. उत्तर आलं : शब्द फार आहेत, आई कुठेच दिसत नाही.

पत्र घेऊन ती मेहुण्यांकडे गेली. "भाऊजी, आईचं काय चुकलं?"

"कुठली आई?" ते म्हणाले. "ते प्रवासवर्णन होतं ना?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शिवणखोलीत गेली. मावशींनी मशीन थांबवलं नाही. "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच म्हणाल्या. मला हातही लावला नाही.

त्यानंतर ताईने लिहिलं नाही. माझी शेवटची अडतीस पानं कोरीच राहिली. कपाटात जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली मी पडून असते.

मित्रांनो, तुमचं लिखाण जरूर दाखवा. पण कोणी मत दिलं की आधी विचारा, शेवटी काय होतं? ज्याला सांगता येईल, त्याचं कडू बोलणंही ऐकून घ्या. त्याने तुमच्यासाठी शेवटपर्यंत वेळ दिलेला असतो. त्याला दुखवलंत, तर तो पुन्हा वाचत नाही.