आठही जणांचा ब्याऐंशी

पणजी सुईण होती, आजी दवाखान्यात आया, आई परिचारिका. त्या तिघींच्या मागून आलेली ही चौथी आता वॉर्डाची इनचार्ज होती. ड्यूटीवर खुर्चीला पाठ टेकायची नाही, हा घरचा शिरस्ता तिने जिवापाड जपला होता. स्वतः बसत नसे, आणि दुसरे कुणी बसले तर तिच्या कपाळाला आठी पडे.

लांबोडी तिच्याच बॅचची परिचारिका. उंचीमुळे पडलेले नाव नोकरीभर चिकटले होते. तिचा नवरा चार दिवसांपासून वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होता. काल तिने एका दिवसाची रजा मागितली, तेव्हा इनचार्ज म्हणाली, "तुला सोडलं तर तुझे आठ पेशंट कुणाच्या गळ्यात घालू?" लांबोडीने मान डोलावली आणि औषधांची ट्रॉली ढकलत निघून गेली.

आज सकाळी डॉक्टरांच्या राउंडआधी इनचार्जने चार्ट चाळले. लांबोडीच्या आठही रुग्णांचा ऑक्सिजन ब्याऐंशी. त्यांतले तिघे खाटेवर बसून खुशाल चहा पीत होते. ब्याऐंशीवर माणसाला श्वास पुरत नाही, चहा कुठला?

"हे काय लिहून ठेवलंयस? लक्ष कुठंय तुझं?"

लांबोडीने चार्ट हातात घेऊन आकड्यांवरून बोट फिरवले. "ड्यूटीआधी वर डोकावून आले. आमच्या यांचा ब्याऐंशी होता."

इनचार्जने पेन खाली ठेवले. अकरा वर्षांपूर्वी तिची आई याच इमारतीत अखेरचे श्वास मोजत होती आणि ती मात्र इथे सलाइन लावत उभी होती. तेव्हा लांबोडीने कुणालाही न विचारता तिच्या हातातला ट्रे काढून घेतला होता. "जा. तुझे आठही माझे." त्या एका वाक्यामुळे तिला आईचा हात शेवटपर्यंत धरता आला. आभार मानायचे राहून गेले. मग बढती आली आणि ते राहूनच गेले.

तिने लांबोडीच्या हातातले चार्ट काढून घेतले. "जा. तुझे आठही माझे."

"जमेल तुला? तीन वर्षांत सहीशिवाय काही केलं नाहीस."

"जा म्हणते ना."

तिने आठही जणांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पुन्हा मोजला. सत्त्याण्णव. शहाण्णव. पुन्हा सत्त्याण्णव. प्रत्येक ब्याऐंशीवर रेघ ओढून शेजारी खरा आकडा लिहिला आणि स्वतःची सही केली.

दुपारी लांबोडी जिना उतरून आली. गणवेश तसाच नीटनेटका होता.

"गेले," ती म्हणाली.

इनचार्जने टेबलामागची आपली खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली. "बस."

लांबोडी बसली. "काल बोलत होते गं. मी कुठंय विचारत होते म्हणे. आज नुसतं बघत होते."

इनचार्जला मान वर करवेना. ती खाली बसली आणि लांबोडीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

वरून एक हात तिच्या खांद्यावर आला.

"आईचा हात तू धरलास, यांचा मी धरला. फिटलं आपलं."