पांढऱ्या पायाचा कॅझ

बर्नाडीनच्या घरात टीव्हीवर बिल्सचा, म्हणजे बफेलो शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना सुरू झाला की तिच्या सख्ख्या भावाला बाहेर जावं लागे. भांडण वगैरे काही नव्हतं. कॅझ पांढऱ्या पायाचा होता, एवढंच.

ही गोष्ट बफेलोत कुणालाही सांगा, कुणी हसणार नाही. उलट विचारतील, गॅरेजमध्ये हीटर तरी आहे ना? होता. एक जुनी खुर्ची होती, बीअरचा खोका होता, आणि बसडेपोतल्या मेकॅनिकच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या कॅझला हात चालवायला दोन-चार मोडकी यंत्रं होती. रेडिओ मात्र नव्हता. त्याने सामना नुसता ऐकलेलाही चालत नसे. शेजारच्या डुएनने आनंदाने आरोळी ठोकली की समजायचं आपले पुढे, आणि दार आपटलं की समजायचं मागे. तीस वर्षं कॅझने सामने असे शेजाऱ्याच्या दारावरून पाहिले होते.

त्याची सुरुवात झाली ती एक्क्याण्णवच्या जानेवारीत. अंतिम सामना, शेवटचे आठ सेकंद, एक किक खांबांच्या मधून गेली की आयुष्याचं सोनं. कॅझ तोवर स्वयंपाकघरात देवाचा धावा करत उभा होता. न राहवून तो दारात आला, आणि चेंडू उजवीकडून बाहेर गेला. मग पुढची तीन वर्षं ओळीने अंतिम सामना हरलो. त्यातल्या दोन वेळा तो खोलीत होता. तिसऱ्या वेळी नव्हता, पण खालच्या मजल्यावरच्या आपल्या घरात स्टुलावर चढून छताला कान लावून ऐकत होता, हे नंतर कबूल केलं. तेव्हापासून खालच्या घरातही बसायची सोय उरली नाही.

तरी कुणी म्हणेल, योगायोग. मग तेरा सेकंदांचं काय? तीन वर्षांपूर्वी डुएन अंगणात नाचायला लागला. कॅझला वाटलं, जिंकलोच. तो धावत वर गेला. तेरा सेकंद उरले होते आणि आपण पुढे होतो. तेरा सेकंदांत माणसाला बुटाची नाडी बांधता येत नाही, पण आपल्याला हरता आलं. त्या दिवशी बर्नाडीनने भावाला नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

कॅझला स्वतःला ह्याचं वाईट वाटत नसे असं नाही. पण त्याचाही त्यावर विश्वास होता, अगदी मनापासून. आपण न पाहिल्याने आपली माणसं जिंकत असतील, तर न पाहणं हीच आपली सेवा, असं तो धरून चालला होता. इतर लोक अंगाला रंग फासतात, टेबलांवर उड्या मारतात. हा गॅरेजमध्ये बसे.

ह्या वर्षी बिल्स सुटलेच होते. सामन्यामागून सामना जिंकत होते, आणि तीच पंचाईत झाली होती.

बर्नाडीनच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं की शस्त्रक्रिया करा, थांबू नका. बर्नाडीन एकाहत्तर वर्षांची, शाळेच्या खानावळीत तीस वर्षं पोराबाळांना जेवू घातलेली, कुणाचं ऐकणारी नव्हे. ती म्हणाली, "सीझन संपू द्या." नोव्हेंबरात ते चाललंही असतं, एरवी बिल्सचा सीझन लवकरच संपतो. पण जानेवारी उजाडला तरी तो संपेना. डॉक्टरीणबाईंनी दोन तारखा दिल्या, दोन्ही बर्नाडीनने फिरवल्या. एकदा तर थेट सांगितलं, "त्या रविवारी मी हॉस्पिटलात पडले आणि हे हरले, तर मी मेल्यासारखीच. मग बरं करून काय उपयोग?"

शुक्रवारी कॅझ पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायला गेला, तर बहीण जिन्याच्या मध्यावर बसलेली. शेजारी किराण्याची पिशवी, तोंड राखेसारखं, आणि श्वास असा की खालच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. बसलेय."

"सतरा पायऱ्यांचा जिना आणि तू नवव्या पायरीवर बसलीस."

"मोजत बसू नकोस. पिशवी घे."

त्याने पिशवी घेतली. तिला वर न्यायला त्याला दहा मिनिटं लागली. वर तिची मुलगी मार्सी आलेली होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मामा, तूच सांग हिला," मार्सी म्हणाली. "येत्या बुधवारची ऑपरेशनची जागा रिकामी झालीय. सोमवारी सकाळी नऊच्या आत हो म्हणायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यापुढे थांबलात तर माझी जबाबदारी नाही."

"मी काय नाही म्हणतेय का?" बर्नाडीन खुर्चीत टेकत म्हणाली. "रविवारी हरले, तर सीझन संपला, सोमवारी उजाडताच फोन करते. आईची शपथ. जिंकले, तर पुढच्या रविवारनंतर बघू."

"आणि पुढच्या रविवारीही जिंकले तर?"

"तर मग अंतिम सामना आला, बाळ. अंतिम सामन्याच्या आधी कोण हृदय उघडून घेतं?"

कॅझने पिशवीतलं सामान ओट्यावर काढायला घेतलं. बहिणीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं त्याला समजतही होतं. हीच तर त्यातली भीती होती. दोघांनी सगळी हयात एकाच गोष्टीची, बिल्सच्या अजिंक्यपदाची, वाट पाहिली होती. वडील वाट पाहतच गेले. आता ती गोष्ट तीन विजयांवर येऊन ठेपली होती.

रविवारी सकाळी चर्चमध्ये फादरनी शेवटचा आशीर्वाद दिला आणि नेहमीप्रमाणे "देव बिल्सना यश देवो" म्हणाले. सगळ्यांनी मोठ्याने 'आमेन' म्हटलं. कॅझच्या तोंडून मात्र ते निघेना. कारण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात एक विचार आला होता.

आपण आत जाऊन बसलो, तर?

बस्स, एवढंच. जाऊन सोफ्यावर बसायचं. मग ते हरतील. हरले की सोमवारी ती फोन करील. चौतीस वर्षांचा पुरावा होता, एकदाही चुकला नव्हता. साऱ्या शहरात बहिणीला वाचवण्याचं इतकं खात्रीचं औषध फक्त त्याच्यापाशी होतं, आणि ते वापरणं म्हणजे साऱ्या शहराशी गद्दारी. घरी येताना त्याला प्रत्येक खिडकीत बिल्सचे निळे-तांबडे झेंडे दिसत होते. त्याला चोरासारखं वाटलं.

सामना तीनला सुरू झाला. कॅझ शिरस्त्याप्रमाणे गॅरेजमध्ये गेला. डुएनने दोनदा आरोळी ठोकली. दुसऱ्या आरोळीनंतर कॅझ उठला, हीटर बंद केला, आणि अंगण ओलांडून सतरा पायऱ्या चढून गेला. एवढ्या पायऱ्या त्याला ह्यापूर्वी कधी लागल्या नव्हत्या.

स्वयंपाकघरात मार्सी कोंबडीच्या तळलेल्या विंग्जवर तिखट रस्सा ओतत होती. तिने भूत दिसल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"मामा! वेड लागलंय का? सतरा-दहा आहे! जा खाली!"

"हीटर बिघडला."

"तू मेकॅनिक आहेस!"

"कोण आहे गं?" आतून बर्नाडीन ओरडली.

कॅझ आत गेला आणि सोफ्याच्या टोकाला बसला. बर्नाडीन आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या निळ्या-तांबड्या विजारीत, मांडीवर गोधडी घेऊन बसली होती. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग टीव्हीच्या पडद्याकडे, मग पुन्हा भावाकडे.

"कॅझ्या, ऊठ."

"थंडी आहे बाहेर."

"मग मोटारीत बस! काच खाली कर, गोठून मर, पण इथून ऊठ!"

"नाही उठत," कॅझ म्हणाला. सदुसष्ट वर्षांत तो तिला पहिल्यांदाच नाही म्हणाला होता.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर आपल्या धावणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला. पाहुण्या संघाने तो उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपार पळवत नेला. सतरा-सतरा. मार्सी दारात उभी होती, हातातलं विंग्जचं ताट तसंच.

"बघितलंस?" बर्नाडीन म्हणाली. आवाज ओरडण्याचा नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "बघितलंस काय केलंस?"

कॅझने मान खाली घातली. औषध लागू पडत होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याला रडू येत होतं.

मग पाहुण्यांनी किक मारली आणि वीस-सतरा झालं. दोन मिनिटं उरली. खोलीत कुणी काही खात नव्हतं. बर्नाडीनने एक हात छातीशी धरला होता आणि तो हात वर-खाली होत होता. कॅझ मनात म्हणत होता, हरा, बाबांनो. माझ्या बहिणीसाठी एकदाच हरा, इतक्या वेळा उगाच हरलात.

पण ते हरेनात. पाच यार्ड पुढे सरकले, मग बारा, मग एक लांब फेक, आणि झेलणाऱ्याने ती बोटांच्या टोकावर घेतली. कॅझने डोळे मिटायचं ठरवलं होतं, ते मिटेनात. चौतीस वर्षांत त्याने असा खेळ पाहिला नव्हता. किती सुंदर खेळत होती ती पोरं! चाळीस सेकंद उरले असताना एक जण कडेने सुटला. समोर कुणी नव्हतं, आणि खोलीत कुणीतरी घसा फाडून ओरडत होतं, "पळ! पळ रे माझ्या राजा, पळ!"

तो आवाज आपला आहे, आपण सोफ्यावर उभे आहोत, हे कॅझला तो गडी रेषेपार जाऊन टचडाऊन झाल्यावर कळलं.

चोवीस-वीस. उरलेले सेकंद पाहुण्यांना काही करता न येताच संपले. डुएनच्या घरातून आरोळी आली, मग साऱ्या गल्लीतून आली, मोटारींचे भोंगे वाजायला लागले. मार्सीने मामाच्या गळ्यात हात टाकले. "मामा, जिंकलो! तू इथे असताना जिंकलो! तू पनवती नाहीस!"

कॅझ मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला.

"पुरे झालं रे," बर्नाडीन धापा टाकत हसत होती. "जिंकलो ना? मग आता रडायचं कशाला?"

"जिंकायला नको होतं," कॅझ म्हणाला.

हे वाक्य त्या घरात ह्यापूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. मार्सीने टीव्हीचा आवाज बंद केला.

बर्नाडीनने पडद्यावरची नजर काढून त्याच्यावर रोखली. "हीटर बिघडलेला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तू मुद्दाम आलास. ते हरावेत म्हणून."

"तू शपथ घेतली होतीस. हरले तर फोन करीन म्हणून."

"गद्दार!" ती कडाडली. "हलकट माणसा, बाबांनी ऐकलं असतं तर..." तिला पुढे श्वास पुरला नाही. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला, डोळे मिटले, आणि श्वास परत येईपर्यंत मार्सी तिची पाठ चोळत राहिली. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"एवढा घाबरलास?" ती हळूच म्हणाली.

"शुक्रवारी तू नवव्या पायरीवर होतीस," कॅझ म्हणाला. "मी रोज त्या जिन्याखालीच राहतो, बर्नी. तू पडलीस तर तो आवाज पहिला मला येणार. ते मला नाही जमणार. बिल्स काय, पुढच्या वर्षी असतील."

तिने नाक ओढलं, गोधडी बाजूला सारली आणि हात पुढे केला. "मार्सी, फोन."

"आई, आज रविवार आहे. दवाखान्यातला फोन यंत्र उचलेल."

"मग यंत्राला सांगते." आणि तिने सांगितलं, खानावळीतल्या खणखणीत आवाजात, मधे दोनदा थांबून: "मी बर्नाडीन बोलतेय. झडपवाली. बुधवार चालेल. हो, जिंकलेत, मला माहितीये. तरी चालेल." फोन ठेवून ती भावाकडे वळली. "पुढच्या रविवारी तू माझ्या खाटेपाशी बसायचंस. आता तू पाहिल्याशिवाय ते जिंकायचे नाहीत. समजलं?"

"समजलं," कॅझ म्हणाला.

बुधवारची शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. रविवारपर्यंत तिची श्वासाची नळी निघाली होती, पण ती सारखी झोपेत जात होती. कॅझ दुपारपासून खाटेशेजारच्या खुर्चीत बसला होता. परिचारिकेने कौतुकाने भिंतीवरचा टीव्ही लावून दिला होता, आवाज बारीक ठेवून. मार्सी खाली कॉफी आणायला गेली होती. बाहेर व्हरांड्यात मधूनच ओरडा होत होता आणि कुणीतरी कुणाला तरी दटावत होतं.

संध्याकाळ झाली तेव्हा बर्नाडीनने डोळे न उघडताच ओठ हलवले.

"कॅझ्या. आहेस?"

"आहे गं."

"किती झाले?"

कॅझने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. सामन्याचा चौथा, शेवटचा भाग चालू होता. त्याला शोधावं लागलं की आकडे कुठल्या कोपऱ्यात दाखवतात. इतका वेळ तो तिच्या छातीवरची चादर वर जाते, खाली येते, एवढंच बघत बसला होता.