आखूड रिकिबी

"आणखी चार बोटं कापा," मुहजा पट्ट्याचं टोक धरून म्हणाली. "समोरच्या झीरीच्या रिकिबी याहून आखूड असतात."

"झीरीचं नाव माझ्या दुकानात काढायचं नाही!" असं बायकोला बजावत खलफने बरोबर चार बोटं कापली.

स्पेनमधल्या मुस्लिम ग्रॅनाडाच्या या गल्लीत खलफच्या आजोबांपासून एकच खोगीर बनत आलं होतं. मागेपुढे उंच, पाय अडकवायच्या लांब रिकिबींचं, हुबेहूब कॅस्टिलच्या ख्रिस्ती सरदारांसारखं. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यासारखंच बसायचं, ही तेव्हाची ऐट. मग समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, बर्बर जमातीचे स्वार आले. ते हलक्या खोगिरावर गुडघे दुमडून बसायचे आणि भाला फेकून शत्रूला कळायच्या आत माघारी वळायचे. त्यांच्याबरोबर हा झीरी आला, आणि वर्षभरात खलफची गिऱ्हाइकं गल्ली ओलांडून गेली. आता म्हणे सरहद्दीपलीकडचे ख्रिस्ती स्वारही रिकिबी आखूड करू लागले होते. ते ऐकून खलफ दोन दिवस धड जेवला नव्हता.

उरला होता एकटा हमदून सरदार. "उस्ताद, गुरुवारी लष्कराच्या हजेरीला आखूड रिकिबी हव्यात. नाहीतर मी चाललो समोर," असं त्याने स्पष्टच सांगितलं होतं.

गुरुवारी मैदानात हमदूनने घोडा गर्रकन वळवला. भाला फेकायला तो उठला, तोच खोगिराची उंच पाठ त्याच्या कमरेत बसली आणि सरदार धुळीत आडवा. सगळं मैदान हसलं. हमदून उठला आणि खलफकडे न बघता लंगडत निघून गेला.

आठवड्याने झीरी कच्च्या टाक्यांवर जोडलेलं नवं खोगीर खांद्यावर घेऊन खलफच्या दारात उभा राहिला.

"उस्ताद, पट्टा तुम्ही बरोबर कापला होता. पण खोगीर उंचच ठेवून रिकीब आखूड केली, तर माणूस उठणार कसा?"

"मला शिकवायला आलास?"

"शिकायला आलो. हमदून म्हणतात, खोगीर झीरीचं घेईन, पण शिवण खलफचीच पाहिजे. माझी पावसात सुटते. तुमचा टाका दाखवाल?"

"ठेव ते, आणि चालता हो."

दार लावून खलफने खोगीर उलटंपालटं करून पाहिलं. एक तरी खोट सापडावी म्हणून त्याचा जीव तडफडत होता. सापडली नाही.

"कसबी हात आहे लेकाचा," तो पुटपुटला.

"मग शिकवा की त्याला," मुहजा म्हणाली. "आपल्यामागं तरी कोण आहे?"

"मेलो तरी शिकवणार नाही."

तीन दिवस बंद दाराआड तो ते खोगीर शिवत बसला. प्रत्येक टाका त्याने कातड्याच्या दोन पदरांत असा लपवला, की झीरीला जन्मात उलगडू नये.

झीरी न्यायला आला, तेव्हा त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "सुरुवात कुठे आहे, उस्ताद?"

"उसवून बघ, म्हणजे कळेल," खलफने खिजवलं आणि आपली सुरी पुढे सरकवली.

झीरीने सुरी उचलली, शिवणीवर टेकवली, बराच वेळ तशीच धरली. मग एकही टाका न तोडता ती परत ठेवली. खोगीर खांद्यावर न टाकता त्याने दोन्ही हातांवर घेतलं आणि हळूहळू गल्ली ओलांडली.